मामाजींच्या डोळ्यात दर तासाला थेंब

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या मामाजींच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या उजव्या डोळ्यात जंतू होऊन बुबुळावर जखम झाली होती आणि तो डोळा नुसत्या औषधाच्या थेंबांवर वाचला. ऑपरेशन लागलं नाही. पण ते थेंब कसे टाकायचे, कोणता आधी कोणता नंतर, रात्री कितीदा उठायचं, बाटली कुठे ठेवायची हे सगळं घरच्या माणसालाच करावं लागते आणि आमच्याकडे ते माझ्याकडे आलं, म्हणून लिहून राहिली आहे. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. सोयाबीन निघायच्या दिवसात डोळ्यात काहीतरी जाऊन लाल डोळा घेऊन फिरणारी माणसं दर वर्षी दिसतात, त्यातल्या एखाद्याच्या घरी हे वाचून उपयोग झाला तर बरंच आहे.

झालं असं की वावरात सोयाबीनच्या गंजीवर थ्रेशर लागलं होतं. कुटार म्हणजे भुसा उडतेच, सगळ्यांच्या नाकातोंडात जाते, बाया पदर बांधतात, माणसं दुपट्टा गुंडाळतात, पण डोळे उघडेच राहतात. संध्याकाळी मामाजी घरी आले ते डोळा चोळतच. सासूबाईंनी पाणी मारायला लावलं, ते बरोबरच होतं, स्वच्छ पाण्याने धुवायलाच पाहिजे. मंग शेजारची एकजण म्हणे की पलीकडच्या गावात एक बाई आहे, जिभेने डोळ्यातला कचरा काढून देते, तिच्याकडे न्या. दुसरी म्हणे लेकुरवाळ्या बाईचं दूध टाका. मी दोन्हीला नाही म्हटलं. तोंडात कितीतरी जंतू असतात, आपल्याला ते त्रास देत नाहीत पण खरचटलेल्या बुबुळात गेले की तिथे घर करतात. मामाजी म्हणे, "काई नाई होत बाई, कुटार गेलं असन, निंगून जाईन."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बाजाराच्या गावी गेले आणि एका मेडिकलमधून थेंबाची बाटली घेऊन आले. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, दुकानातल्या पोराला म्हटलं डोया लाल आहे आणि त्याने दिली. टाकल्यावर लाली खरंच कमी झाली, मामाजी खूश. पण दुखणं मात्र वाढूनच राहिलं होतं, उजेडाकडे पाहवेना, डोळ्यातून सारखं पाणी, सकाळी पापण्या पिवळट चिकट घाणीने चिकटलेल्या. मी बाटली हातात घेऊन बारीक अक्षर वाचलं. मॉक्सिफ्लॉक्सासिन म्हणजे जंतू मारायचं औषध होतं आणि त्याच्यासोबत डेक्सामेथासोन. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड एवढं मला माहीत होतं, बारावी सायन्सचं नाही, माझ्या माहेरी दम्याच्या पेशंटला द्यायचे त्यावरून. मग मी मामाजींना खिडकीपाशी बसवलं आणि नीट पाहिलं तर बुबुळावर, बाहुलीच्या थोडं खाली, एक पांढुरका ठिपका. तो पाहून मात्र मी थांबली नाही. यांना म्हटलं थ्रेशरचं तुम्ही पाहा, मी मामाजींना घेऊन सेवाग्रामला जाते.

एसटीने आर्वीहून वर्धा आणि तिथून सेवाग्राम. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या माणसांनाही अर्धं, त्यामुळे जाण्यायेण्याच्या पैशाचं फार टेन्शन नव्हतं आणि हे मी मुद्दाम लिहून राहिली आहे कारण गावातली बरीचशी माणसं "भाड्याचे पैसे कुठून आणू" म्हणून दोन-चार दिवस काढतात आणि बुबुळाच्या जखमेत ते दिवसच भारी पडतात. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं, खेड्यातल्या लोकांसाठीच काढलेलं, आमच्या भागातले लोक पिढ्यानपिढ्या तिथेच जातात.

जाताना मी ती मेडिकलची बाटली पिशवीत टाकली होती, आणि डॉक्टर मॅडमचा दुसराच प्रश्न तो होता, "आधी काय टाकलं? बाटली आणली का?" पहिला प्रश्न होता डोळ्यात काय गेलं. कुटार म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. त्या म्हणाल्या झाडापाल्याचं काही लागून जखम झाली की आम्हाला आधी बुरशीचा संशय येतो, कारण बुरशीचं औषध वेगळं असते, तिथे जंतूचं औषध कितीही टाकलं तरी काही होत नाही, आणि स्टेरॉइड टाकलं तर बुरशी आणखी पसरते. बाटली पाहून त्यांनी समजावून सांगितलं, स्टेरॉइडने सूज आणि लाली कमी होते म्हणून माणसाला वाटते बरं झालं, पण शरीराची जंतूंशी लढायची ताकद तिथे दबून जाते आणि आतल्या आत जखम खोल जाते. लाली कमी आणि दुखणं जास्त, आमच्याकडे तेच झालं होतं.

मंग तपासणी. एक केशरी रंगाची कागदाची पट्टी पापणीला आतून लावली आणि निळा उजेड टाकला, तशी बुबुळावरची जखम हिरवी चमकायला लागली. जिथलं वरचं पातळ आवरण गेलं असते तिथेच तो रंग धरतो. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बोटाने दाबून पाहिलं की पू येते का, कारण अश्रूंची पिशवी नासली असली की तिथले जंतू सारखे डोळ्यात येत राहतात आणि कितीही थेंब टाका जखम भरत नाही. मामाजींची ती बरी निघाली. साखर तपासली. तीही ठीक. मंग डोळा बधिर करायचा थेंब टाकून जखमेच्या कडेचं थोडंसं खरवडून काचेवर घेतलं, थोडं जंतू वाढवायला लावलं. मी पाहूनच घाबरली होती, मामाजी म्हणे "काई समजलंच नाई मले."

हे खरवडणं औषध सुरू करायच्या आधी करतात. एकदा जंतुनाशक थेंब सुरू झाले की जंतू अर्धमेले होतात आणि मंग तपासणीत सापडत नाहीत. आमच्या मेडिकलच्या बाटलीत तेच औषध आधीच गेलेलं होतं म्हणून मॅडमला काळजी होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. बुरशीचे धागे नव्हते. जांभळ्या रंगाचे गोल जंतू होते, जोडीजोडीने, न्यूमोकॉकस असावा असं म्हणाल्या, जो माणसाच्या घशानाकात राहतो आणि न्यूमोनियाही करतो तोच. कल्चरचा म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीचा पक्का रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो, पण तेवढी वाट पाहत बसत नाहीत, लगेच सुरू करतात.

आणि इथून माझं काम सुरू झालं. मामाजींना भरती केलं आणि दोन औषधं दिली. एक मॉक्सिफ्लॉक्सासिन, पण नुसतं, स्टेरॉइड नसलेलं. दुसरं सेफाझोलिन, तेही जंतू मारायचंच, पण ते थेंब म्हणून दुकानात तयार मिळतच नाही. इंजेक्शनची ५०० मिलिग्रॅमची पावडर घेऊन त्यात १० मिली निर्जंतुक पाणी घालून दवाखान्यातच थेंब बनवून देतात. ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि थोड्याच दिवसांत फेकून नवीन बनवून घ्यायचं. पहिले दोन दिवस दोन्ही थेंब दर तासाला, दिवसा पण आणि रात्री पण. मी विचारलं मॅडम रात्री पण? म्हणाल्या हो, जंतू रात्री झोपत नाहीत. मंग त्यांनी असं सांगितलं की वावरात फवारणी केली आणि लगेच पाऊस आला तर औषध धुवून जाते ना, तसंच डोळ्यात पाणी सारखं येत राहते आणि औषध पाच-दहा मिनिटांत वाहून जाते, म्हणून वारंवार टाकायचं, तेव्हा कुठे जखमेत औषधाचा जोर टिकतो. हे मामाजींना एका क्षणात पटलं. त्याआधी ते मला म्हणून राहिले होते की एकदाच पाच-सहा थेंब टाकून दे न झोप.

पाच-सहा थेंब टाकून काहीच होत नाही. डोळ्यात एक थेंबसुद्धा पूर्ण मावत नाही, थोडा बाहेरच येते, दुसरा टाकला तर पहिल्याला घेऊन गालावर वाहते. म्हणून एका वेळी एकच. आणि दोन वेगळी औषधं असली तर मधात निदान पाच मिनिटं थांबायचं, नाही तर दुसरं औषध पहिल्याला धुवून काढते. वॉर्डात बऱ्याच नातेवाईकांना मी पाहिलं, टपटप दोन्ही एकामागून एक टाकून मोकळे. सिस्टरने मला पहिल्यांदा करून दाखवलं आणि दुसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं, तिचे उपकारच आहेत.

ती पद्धत मी सविस्तर सांगते कारण हीच खरी कामाची गोष्ट आहे. आधी साबणाने हात, नखं कापलेली. डोळ्याला घाण लागली असेल तर मेडिकलचा निर्जंतुक कापूस उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून आतल्या कोपऱ्यापासून बाहेर असं एकदाच पुसायचं, तो बोळा फेकून द्यायचा, परत तोच फिरवायचा नाही. आमच्या घरी तेव्हा कापसाचा पहिला वेचा येऊन पडला होता, सासूबाई फोनवर म्हणे घरचा कापूस घेऊन येऊ का, पण वावरातला कापूस डोळ्याला लावायचा नाही, त्यात पाला-माती-फवारणी सगळं असते. मंग माणसाला उताणं झोपवायचं, उशी काढून. छताकडे पाहायला सांगायचं. बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढायची, आत लालसर खोलगट जागा दिसते, थेंब त्या जागेत पाडायचा, बुबुळावर सरळ नाही, कारण बुबुळावर पडला की माणूस दचकतो, डोळा गच्च मिटतो आणि औषध बाहेर. बाटलीचं तोंड पापणीला, केसाला, बोटाला कशालाच लागू द्यायचं नाही. लागलं की डोळ्यातले जंतू बाटलीत आणि मंग तीच बाटली आपण दर तासाला डोळ्यात टाकणार. मंग डोळा हळू मिटायचा, मिचकवायचा नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचं. तिथे अश्रू नाकात जायची नळी असते. दाबलं नाही की औषध नाकातून घशात उतरते, म्हणूनच मामाजी म्हणत होते "तोंड कडू पडून राह्यलं". दाबायला लागली तसं कडू लागणं गेलं.

मामाजींना पापणी सैल सोडताच येत नव्हती. वरून काहीतरी येते दिसलं की आपोआप आवळत. मंग मी त्यांना बोलण्यात लावायची, कपाशीला भाव काय निघन म्हणून विचारायची, आणि ते सांगत असताना थेंब टाकायची. थरथरणारा हात असेल तर करंगळी आणि हाताची कड त्यांच्या कपाळावर टेकवायची, मंग बाटली हलत नाही, हे मी माझंच शोधलं.

रात्रीचं काय सांगू. मोबाईलमध्ये दर तासाचा अलार्म. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटला त्रास नको म्हणून व्हायब्रेटवर ठेवून मोबाईल हाताखाली धरून झोपायची. एक थेंब, पाच मिनिटं थांब, दुसरा थेंब, दाबून धर, हे होईपर्यंत पंधरा मिनिटं जातात, मंग पाऊण तास डोळा लागते न लागते की परत. वहीच्या पानावर वेळ लिहून दोन खाने केले होते, थेंब टाकला की टिकली मारायची, कारण झोपेत खरंच समजत नाही की आताच टाकला की मागच्या तासाला. मामाजींना मात्र रात्री उठायची सवय, आमच्याकडे ओलिताची लाइन म्हणजे वीज रात्रीच राहते, तर ते माझ्या आधी उठून बसलेले असत, "तू झोप बाई, मी पाह्यतो," म्हणत. पण ज्याचा डोळा त्याला स्वतःला दुखत्या डोळ्यात थेंब नीट टाकता येत नाही, निम्मे गालावर जातात. दुसऱ्या रात्री हे आले आणि मी जरा झोपली. ज्याच्या घरी असं होईल त्यांनी दोन माणसं आळीपाळीने ठेवावी, एका बाईच्या जिवावर टाकू नये, झोप नसली की हात चुकतो.

या दोन औषधांशिवाय एक तिसरा थेंब होता, दिवसातून दोन-तीनदा, बाहुली मोठी करायचा. तो जंतू मारत नाही. आतला स्नायू आखडून जे दुखते ते त्याने सैल होते. पण त्याने उजेड जास्तच टोचते आणि जवळचं धुरकट दिसते, मामाजी घाबरले की नजर चालली. आधी सांगून ठेवलं तर माणूस घाबरत नाही. काळा चष्मा घेतला. सासूबाईंचं म्हणणं होतं कापड बांधून ठेवा, वारा लागू देऊ नका, पण जंतूच्या जखमेवर पट्टी बांधत नाहीत, आत गरम आणि ओलं राहून जंतू आणखी वाढतात आणि थेंब टाकायला दर वेळी सोडावी लागते ते वेगळंच.

दोन दिवसांनी मॅडमनी परत निळा उजेड टाकून पाहिलं आणि जखमेचं माप लिहिलं. मी समजत होती की लगेच लहान झालेली दिसेल. तसं नसते. पहिली चांगली खूण म्हणजे जखम वाढली नाही, कडा बोथट झाल्या, आजूबाजूची सूज कमी आणि दुखणं कमी. आत पू साचला नव्हता, तो साचला असता तर बुबुळाच्या मागे खालच्या बाजूला पांढरी रेघ दिसली असती, तीच भीती होती. रिपोर्टही आला, न्यूमोकॉकसच होता आणि दोन्ही औषधं त्याला लागू पडत होती. त्या रात्री मामाजी पहिल्यांदा गाढ झोपले.

मंग घरी सोडलं, जागेपणी दर तासाला आणि रात्री एक-दोनदा या बोलीवर. गावात मोठा प्रश्न फ्रिजचा. आमच्याकडे आहे पण लाइन जाते. सेफाझोलिनची बाटली फ्रीजरमध्ये ठेवायची नाही, गोठवून चालत नाही, दारात पण नाही, दार सारखं उघडते. मधल्या खान्यात झाकणाच्या डब्यात ठेवली आणि लाइन गेली की दार उघडायचंच नाही असं पोरांना सांगून ठेवलं. जास्त वेळ गेली तर डबा गार पाण्याच्या माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायचा, मॅडमला विचारूनच केलं होतं. ती बाटली संपायच्या आत परत जाऊन नवीन बनवून आणायची आणि त्याच दिवशी डोळा दाखवायचा. बाटल्यांवर मी वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला, सारख्याच दिसतात म्हणून, आणि उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहिली. ५ मिलीच्या बाटलीत साधारण शंभरेक थेंब निघतात, दर तासाला टाकायचं म्हटलं की ती किती दिवस पुरेल हे आधीच काढून ठेवलं, औषध संपून रविवारी अडकायला नको.

मधात सगळ्यात कठीण काळ आला तो बरं वाटायला लागल्यावर. दुखणं गेलं, लाली गेली, आणि मामाजींना कापूस वेचायला वावरात जायचं होतं. "आता काहून टाकतं वो, डोया तर बरा हाय." दर दोन तासाला, मंग दिवसातून सहादा, मंग चारदा असं मॅडम उतरवत होत्या, पण ते त्यांनी उतरवायचं, आपण नाही. अर्ध्यात सोडलं की उरलेले जंतू परत डोकं काढतात आणि त्याच औषधाला मानत नाहीत. मी वावरात डबा घेऊन जायची, बांधावर बाभळीखाली मामाजींना झोपवून थेंब टाकायची. वेचणाऱ्या बाया पाहत. त्यातल्याच एकीने विचारलं की माझ्या घरी २०२३ च्या साथीतली बाटली पडली आहे, ती चालते का. तेव्हा आपल्या इकडे डोळे यायची लय मोठी साथ होती, पार बुलढाण्यापासून, शाळा रिकाम्या झाल्या होत्या. ती साथ मुख्यतः विषाणूची होती, त्यात पाण्यासारखं गळते, दोन्ही डोळ्याला लागते, घरातल्या सगळ्यांना होते, आणि जंतुनाशक थेंब त्या विषाणूला मारतच नाही, आठवडा-पंधरा दिवसात आपोआप जाते. आणि कोणतीही थेंबाची बाटली उघडली की महिनाभरात फेकायची असते, मंग औषध उरलेलं असो नसो. तिला मी सांगितलं की ती बाटली आजच फेक, आणि पांढरा ठिपका, नजर धूसर किंवा उजेड सहन न होणं यातलं काहीही असलं तर मेडिकल नाही, सरळ डोळ्याचा डॉक्टर.

मामाजींच्या बुबुळावर आता फूल राहिलं आहे, लहानसं, बाहुलीच्या खालच्या काठावर. जखम भरली की तिथे तसा डाग राहते, थेंबाने तो पुसत नाही. बाहुलीच्या मधोमध असता तर नजर बरीच गेली असती आणि मंग बुबुळ बदलायचं ऑपरेशन, त्याच्यासाठी कोणीतरी मेल्यावर डोळे दान केलेले असावे लागतात. मॅडम म्हणाल्या काही महिन्यांत आणखी फिकट होईल, मंग चष्म्याचा नंबर काढू. एसटीची पाटी त्यांना त्या डोळ्याने आता वाचता येते, पेपरची बारीक अक्षरं नाही.

यंदा तूर काढायच्या आधी यांनी आर्वीच्या हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डिंगवाले वापरतात तसले बाजूने बंद असलेले पांढरे चष्मे आणले, घरच्यांसाठी आणि थ्रेशरवर येणाऱ्या मजुरांसाठी पण. घाम येते म्हणून पहिल्या दिवशी दोघांनी काढून ठेवले होते, मामाजींनी स्वतः जाऊन त्यांना घालायला लावले आणि आपला डोळा दाखवला.